परीकथेतला राजवाडा कायमचा करायचाय, स्केल कुठलं घेऊ?

शहापूरकर:
नमस्कार मंडळी. आमच्या गल्लीत दिवाळीला मातीचे किल्ले करतात, मी पण पोरवयापासून करत आलोय, राजहंसगड झाला, पारगड झाला, पण दिवाळी सरली की मोडायचेच. आता पोरीला गोष्टीतला राजवाडा पाहिजे, टोकदार मनोरे, निळी छपरं, खंदक, आणि मलाच आता लई मनापासून वाटायलंय की हा मोडायचा नाही, वर्षानुवर्षं वाढवत न्यायचा. माळ्यावर ४ बाय ३ फूट जागा आहे, उंची साडेतीन फूट. स्केल कुठलं, म्हणजे खऱ्याच्या किती पट लहान करू? आणि आपल्या पावसात टिकेल असं कशात करू?

टिळकवाडीकर:
आधी स्केल, मग कटर. बाहुलीघरवाले १:१२ घेतात, म्हणजे १ फुटाला १ इंच, आतलं सामान करायला झकास, पण ६० फुटी मनोरा ५ फुटांचा होतो, तुमच्या माळ्यात बसतच नाही. १:४८ ला तोच सव्वा फूट, पण ७ फुटी दार पावणेदोन इंच, आत काय कोरणार. १:२४ घ्या, डोळे झाकून. आणि वरच्या खिडक्या, दगड लहान लहान करत जावा. कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडचा १९५५ चा राजवाडा फक्त ७७ फूट आहे, पण याच युक्तीनं उंच वाटतो.

खानापूरवाला:
पावसाचं आम्हाला विचारा ओ! एमडीएफच्या, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीच्या, कडा फुगतात, पुठ्ठा वाकतो, न भाजलेली माती ओल धरते. बैठकीला मरीन प्लाय, म्हणजे ओलीला टिकणारं प्लायवूड, भिंतींना सनबोर्ड, म्हणजे फोमची हलकी प्लास्टिक शीट, त्याला पाणी लागत नाही. थर्माकोल वापरलात तर स्प्रे पेंट थेट मारू नका, विरघळतो, आधी फेविकॉलमध्ये अ‍ॅक्रेलिक रंग कालवून दोन हात द्या. खंदकाच्या कडेची मडकी वगैरे मात्र मातीचीच करा, आमच्या खानापुरात कुंभारकाम आहे, भट्टीत भाजून मिळतील.

अनगोळची_ताई:
दादा, एकसंध चिकटवू नका, सुटे भाग करा, हे सगळ्यात महत्त्वाचं. मूकपटांची नटी कॉलीन मूर हिनं १९२८ ते १९३५ असा १:१२ चा राजवाडा करवून घेतला, आत वीज, नळाला पाणी सुद्धा. तो सुटा होत होता म्हणून मुलांच्या मदतीसाठी गावोगाव फिरवता आला, आज शिकागोच्या म्युझियममध्ये आहे. तुमचा तर वाढत जाणार, उद्या एक दालन बदलावं वाटलं तर? मनोरा खालच्या भागावर खुंटीनं बसवा. आणि एलईडीच्या वायरी छप्पर बंद करायच्या आधी ओढा, १२ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर पुरतो. प्रत्येक दालनाला वेगळा जोड ठेवा, म्हणजे एक बिघडलं तर सगळं उचकटायला नको.

शहापूरकर:
ताई, सुट्या भागांचं डोक्यातच नव्हतं, आता तसंच करतो. १:२४ पक्कं. पोरीला सांगितलं, ती म्हणते पहिला स्वयंपाकघर करूया, मनोरे नंतर. खुंटी लाकडी चालेल का पावसात, की प्लास्टिकचा पाइप घेऊ?

खानापूरवाला:
पाइपच घ्या. लाकूड फुगलं की मनोरा निघायचा नाही.