मदत हवी आहे: अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धातल्या काडतुसांचा घोळ

वॉशिंग्टनच्या सैन्यात एकाच वेळी ब्रिटिश 'ब्राउन बेस' (नळी ०.७५ इंच) आणि फ्रेंच 'शार्लविल' (०.६९ इंच) बंदुका होत्या. ब्राउन बेसची गोळी साधारण ०.६९ इंचाची, म्हणजे शार्लविलच्या नळीत ती अडकणारच, त्यात दोन-चार बार झाले की बंदुकीच्या दारूची काजळी साचून नळी आणखी आवळते. उलट शार्लविलची बारीक गोळी ब्राउन बेसमध्ये भरली, तर फटीतून वायू निसटतो आणि मारा ढिला पडतो.

मग कागदी काडतुसं (कागदात एकत्र गुंडाळलेली दारू आणि गोळी) रेजिमेंटनिहाय वाटायचे, की साचे बदलून गोळ्या पुन्हा ओतायचे? कोणाकडे नेमकी माहिती आहे का?