एकाच फॉग लॅम्पवर दोन नियंत्रक: रिलेची जोडणी कशी करावी?

प्रश्न

माझ्या गाडीला ५५ वॉटचे दोन फॉग लॅम्प आहेत. डॅशबोर्डवरचा स्विच दाबला की रिलेच्या (छोट्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा विद्युतचुंबकीय स्विच) ८६ क्रमांकाच्या पिनला १२ व्होल्ट मिळतात. ८५ ही पिन बॉडीला अर्थ केलेली, म्हणजे बॅटरीच्या ऋण टोकाशी जोडलेली आहे. अलीकडे मी मोबाइलवरून चालणारा एक नियंत्रक बसवला आणि त्याची तारही त्याच ८६ पिनला जोडली. दिवे दोन्हीकडून लागतात. मात्र डॅशबोर्डचा स्विच चालू राहिला, तर किल्ली काढल्यानंतरही नियंत्रकावरचा छोटा दिवा मंदपणे जळत राहतो. या जोडणीत नेमके काय चुकले आहे? शिवाय मागच्या दिव्यासाठी आणलेला दुसरा नियंत्रक १२ व्होल्ट देतच नाही, तो चालू झाल्यावर आपली तार अर्थ करतो. त्याची जोडणी कशी करावी?

पहिले उत्तर

आपला स्विच थेट बॅटरीवरून आणि नियंत्रक इग्निशनवरून (किल्ली फिरवल्यावरच मिळणाऱ्या पुरवठ्यावरून) चालत असावा. दोन्ही तारा ८६ वर एकत्र आल्यामुळे स्विचकडून आलेला प्रवाह रिलेच्या कॉइलबरोबरच (८६ आणि ८५ मधले तारेचे वेटोळे, ज्याच्या चुंबकत्वाने रिले चालतो) नियंत्रकाच्या आउटपुटमधूनही उलट आत शिरतो, आणि त्या चोरवाटेने मिळालेल्या विजेवर तो अर्धवट जागा राहतो. ही जोडणी आज चालते म्हणून तशीच ठेवू नये, कारण बहुतेक नियंत्रकांचे आउटपुट बाहेरून येणारा दाब सहन करण्यासाठी बनवलेले नसते.

उपाय सोपा आहे. दोन्ही तारांमध्ये प्रत्येकी एक डायोड (प्रवाह एकाच दिशेने, पट्टीच्या बाजूकडे जाऊ देणारा भाग) घालावा, त्याची पट्टी असलेली बाजू ८६ कडे ठेवावी आणि डायोडच्या पुढेच दोन्ही तारा एकत्र कराव्यात. कॉइल साधारण ०.१५ ते ०.२ अँपिअर घेते, त्यामुळे १ अँपिअरचा १एन४००७ हा डायोड पुरेसा आहे. डायोडवर सुमारे ०.७ व्होल्टची घट होते, पण १२ व्होल्टचा रिले ८ व्होल्टच्या आसपासही ओढला जातो, म्हणजे चालू होतो, त्यामुळे काळजीचे कारण नाही.

आणखी एक डायोड कॉइलच्या दोन टोकांवर उलटा, म्हणजे पट्टी ८६ कडे आणि दुसरे टोक ८५ कडे, असा बसवावा. कॉइल बंद होताना जो उलट झटका उठतो तो शंभर व्होल्टच्याही वर जाऊ शकतो, आणि नियंत्रकातला ट्रान्झिस्टर बहुधा त्यानेच जातो. रिलेच्या आतच डायोड असेल तर वेगळा लावू नये. मात्र अशा रिलेत ८६ ला धन आणि ८५ ला ऋण हा क्रम पाळावाच लागतो.

दुसरे उत्तर

अर्थ करणाऱ्या नियंत्रकाबद्दल लिहितो, कारण तिथे एक चूक वारंवार होते. धन देणाऱ्या नियंत्रकाची तार ८६ ला आणि अर्थ करणाऱ्याची ८५ ला जोडली, तर दिवा दोन्ही नियंत्रक चालू असतानाच लागेल, एकट्याने कधीच लागणार नाही.

यासाठी दोन वेगळे रिले वापरणे मला सर्वांत निर्धोक वाटते. पहिल्याची कॉइल धन देणाऱ्या नियंत्रकावर चालवावी आणि तिची ८५ अर्थ करावी. दुसऱ्या रिलेच्या ८६ ला फ्यूजमधून १२ व्होल्ट द्यावेत (हा पुरवठा नियंत्रकाला मिळतो त्याच वाटेने यावा) आणि ८५ नियंत्रकाच्या तारेला जोडावी. दोन्हींच्या ३० (दिव्याचा प्रवाह आत येण्याची पिन) एकमेकींना आणि ८७ (रिले चालू झाल्यावर ३० शी जोडली जाणारी, दिव्याकडे जाणारी पिन) एकमेकींना जोडाव्यात. कॉइली पूर्णपणे वेगळ्या राहिल्यामुळे चोरवाटच उरत नाही. मात्र प्रवाह दोन कॉन्टॅक्टमध्ये विभागला जाईल असे गृहीत धरू नये. प्रत्येक रिले एकट्याने पूर्ण भार पेलणारा हवा. ११० वॉटचे फॉग लॅम्प सुमारे ९ अँपिअर घेतात, म्हणून तिथे १५ अँपिअरचा फ्यूज बॅटरीच्या जवळ आणि २.५ चौरस मिलिमीटरची तार असावी.

प्रश्नकर्ता

मनःपूर्वक आभार. डायोड घातल्यावर नियंत्रकावरचा दिवा पूर्ण विझला. एकाने लावलेला दिवा दुसऱ्याने बंद करता येईल का?

तिसरे उत्तर

येईल, जिन्यातल्या दिव्याची खालीवरच्या दोन स्विचांची जोडणी असते तीच इथे करायची. ८७ए (रिले बंद असताना ३० शी जोडलेली पिन) असलेले दोन रिले घ्यावेत. काही पाच पिनांच्या रिलेत मधली पिनसुद्धा ८७ च असते, म्हणून अंगावर छापलेली आकृती पाहून घ्यावी. फ्यूजमधून आलेली तार पहिल्याच्या ३० ला, दिव्याची तार दुसऱ्याच्या ३० ला, पहिल्याची ८७ दुसऱ्याच्या ८७ए ला आणि पहिल्याची ८७ए दुसऱ्याच्या ८७ ला जोडावी. ८७ ला ८७ अशी सरळ जोडणी केली, तर दोन्ही नियंत्रक बंद असताना दिवा जळत राहील.

या जोडणीत दोन्ही कॉइलींचा पुरवठा इग्निशनवरूनच घ्यावा, ही माझी आग्रहाची विनंती आहे. आपला स्विच आज आहे तसा बॅटरीवर राहिला आणि दोन्हीकडून चालू केल्यामुळे दिवा बंद असला, तर किल्ली काढताच नियंत्रकाचा रिले सुटेल आणि उभ्या गाडीचे फॉग लॅम्प आपोआप लागून बॅटरी उतरेल.