वडिलांच्या नावावरचं प्रोप्रायटरी मशिन शॉप पुढच्या पिढीकडे कसं न्यावं? (उद्यमबाग + शिनोळी)

मच्छेकर:
वडील ७४ वर्षांचे. बेळगावच्या उद्यमबागेत त्यांच्या नावावर प्रोप्रायटरी (एकट्याच्या मालकीचं) मशिन शॉप आहे, कास्टिंग मशिनिंग करून पुण्याकडे जातं. दुसरं लहान युनिट शिनोळीला, म्हणजे चंदगड तालुक्यात. त्यामुळे जीएसटी नंबर दोन, कर्नाटकचा २९ चा आणि महाराष्ट्राचा २७ चा. उद्यमबागेची जागा वडिलांनीच घेतलेली, बँकेच्या सीसीला (कॅश क्रेडिट कर्जाला) तारण आहे. कामगार १८. धंदा धाकटा भाऊ बघतो. बहीण कोल्हापूरला दिलेली, आई आहे. वडील म्हणतात मृत्युपत्र केलं की झालं. भाऊ म्हणतो आत्ताच बक्षीसपत्र करूया. सीए प्रायव्हेट लिमिटेड सुचवतात. बहिणीकडून हक्कसोड आत्ताच घेऊन ठेवावी का, हाही घोळ आहे. जाणकारांनी सांगावं.

हिशोबनीस:
जागा आणि चालता धंदा, दोन्ही एकाच कागदात बसवायला गेलात की अडकाल. दोन्ही वेगळे धरा.

प्रोप्रायटरीत धंदा म्हणजेच माणूस. पॅन त्यांचा, जीएसटी त्याच पॅनवर, सीसी त्यांच्या सहीवर. ते गेले की बँक खातं थांबवते. मृत्युपत्राने मालकी मिळेल, पण पुढच्या सात तारखेचा पगार त्यातून निघत नाही. म्हणून ते हयात असतानाच धंदा अशा पॅनवर न्या जो एक माणूस गेला तरी टिकतो. तुमच्या आकाराला भागीदारी पुरते. पण बापलेक दोघांचीच करू नका. करारात ‘भागीदार वारल्यास फर्म चालू राहील’ असं कितीही लिहिलं तरी एकटा उरला की भागीदारी संपते. तिसरं नाव हवंच, आई किंवा भावजय. त्यांचं भांडवल वडिलांनी बक्षीस दिलेल्या पैशातून आणलं तर त्यावरचं उत्पन्न वडिलांच्या उत्पन्नात धरलं जाऊ शकतं. स्वतःचे पैसे आणू देत.

कंपनीत रूपांतर भांडवली नफ्याचा कर न लागता होतं, पण अटी आहेत. सगळी मालमत्ता आणि सगळी देणी कंपनीत जायला हवीत, आणि वडिलांकडे निदान ५०% मताधिकार ५ वर्षं राहायला हवा. ७४ व्या वर्षी कारभार सोडायचा असलेल्या माणसाला ही अट कशी परवडणार, ते सीएंना विचारा.

जीएसटीचा क्रम चुकवू नका. आधी फर्मचा नवा नंबर, मग जुन्या नंबरावरून आयटीसी-०२, म्हणजे शिल्लक कर-क्रेडिट नव्या नंबरात न्यायचा फॉर्म (सीएचं प्रमाणपत्र लागतं), फर्मने ते पोर्टलवर स्वीकारायचं, आणि जुना नंबर रद्द करणं अगदी शेवटी. लोक घाईने आधी रद्द करतात आणि शिल्लक क्रेडिट लोंबकळतं. २९ ची शिल्लक २९ च्याच नव्या नंबरात न्या, २७ ची २७ मध्ये. धंदा चालू स्थितीत आख्खा दिला तर त्या हस्तांतरावर जीएसटी नाही, पण करारात तसं स्पष्ट लिहा.

जागा वडिलांच्याच नावावर ठेवा आणि फर्मने त्यांना भाडं द्यावं. म्हातारपणी हातात दरमहा पैसा येतो, मुलाकडे मागावा लागत नाही. १० ऑक्टोबर २०२४ पासून नोंदणी नसलेल्या मालकाच्या व्यापारी जागेच्या भाड्यावर १८% जीएसटी भाडेकरूने रिव्हर्स चार्जने, म्हणजे मालकाऐवजी स्वतःच, भरायचा असतो. त्याचं क्रेडिट फर्मला मिळतं. मात्र भाडेकरार नोंदवा, नुसतं बोलण्यावर ठेवू नका.

कोर्टगल्ली:
हक्कसोडीचं आधी. जागा वडिलांची स्वकष्टार्जित असेल तर ते जिवंत असेपर्यंत बहिणीला तिच्यात हक्कच नाही. मग सोडणार काय? पुढे मिळेल या आशेवरचा हिस्सा सोडून देता येत नाही, त्या कागदाला किंमत नाही. उलट गावची शेती विकून त्या पैशात शेड घेतली असेल तर ती वडिलार्जित असल्याचा वाद उभा राहू शकतो. तसं ठरलं तर मुलीला मुलाइतकाच जन्मतः हक्क आहे. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनंतर ११ ऑगस्ट २०२० च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने ते पक्कं केलंय. तेव्हा खरेदीचे पैसे कुठून आले त्याचे कागद आधी शोधा.

मृत्युपत्र नसेल तर आई, मुलगे, मुलगी सगळ्यांना सारखा वाटा. असेल तर दोन साक्षीदार लागतात, आणि ज्याला काही मिळणार तो साक्षीदार नको. नोंदणी सक्तीची नाही, पण करा. मराठीत लिहिलं तरी चालतं, सोबत कन्नड किंवा इंग्रजी भाषांतर ठेवा, पुढे खात्याला नाव लावताना हेलपाटे वाचतात. प्रोबेट (मृत्युपत्र कोर्टाकडून शाबीत करून घेणं) बेळगावात सक्तीचं नाही. बहिणीला काय द्यायचं ते आकड्यात लिहा, ‘योग्य तो वाटा’ असं नको.

बक्षीसपत्राला कर्नाटकात जवळच्या नात्यात मुद्रांक ठरावीक रकमेचा आहे, म्हणून लोक धावतात. पण जागा तारण आहे, बँकेचं नाहरकत आधी लागेल. औद्योगिक मंडळाकडून विक्रीपत्र झालेलं नसेल, नुसता लीज-कम-सेल (आधी भाडेपट्टा, पुढे विक्री) करार असेल, तर मंडळाची परवानगीही हवी. शिनोळीची जागा महाराष्ट्राच्या कायद्याखाली येते, तिथला मुद्रांक आणि कार्यालय वेगळं. बक्षीसपत्र करायचंच असेल तर ‘आईवडिलांचा सांभाळ करण्याच्या अटीवर’ हे वाक्य कागदातच असू दे. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ खाली प्रांताधिकाऱ्यांकडे दाद मागायची वेळ आली तर तेच उपयोगी पडतं.

पॅटर्नशॉप:
कागद वरच्या दोघांनी सांगितले. शॉपमधलं वेगळंच अडतं. गिऱ्हाईक कंपनीत व्हेंडर कोड (पुरवठादार म्हणून आपला नंबर) जुन्या पॅनवर असतो. नवा कोड निघेपर्यंत फर्मची बिलं अडकतात, म्हणून परचेसला आधी पत्र द्या आणि चालू पीओ (खरेदी ऑर्डरी) नव्या नावावर करून घ्या. आयएसओ प्रमाणपत्र, हेस्कॉमचं वीज कनेक्शन, प्रदूषण मंडळाची संमती, फॅक्टरी लायसन्सवरचा ऑक्युपायर (कायद्याने जबाबदार माणूस), पीएफ, ईएसआय या सगळ्यांना नावबदल कळवायचा.

शॉपमधली फिक्श्चर आणि गेजेस गिऱ्हाइकाची कोणती, आपली कोणती, याची यादी फोटोसकट करा. हस्तांतराच्या मालमत्तेत गिऱ्हाइकाचं टूलिंग घुसडलं तर भांडण ठरलेलं.

ग्रॅच्युइटी बहुतेकांच्या हिशोबात नसते. महिना १८,००० पगार, २० वर्षं नोकरी: १८,००० × १५ ÷ २६ × २० = सुमारे २,०७,७००. असे चारपाच जुने असले तर आठ-दहा लाखांचं देणं झालं. नोकरी अखंड धरून हे देणं फर्म घेते, असं करारात लिहा.

आणि दर! कुठल्या जॉबला सायकल टाइम किती, रिजेक्शन किती धरायचं, हे वडिलांच्या डोक्यात असतं. भावाला कोटेशन स्वतः करू दे, वडिलांनी नुसतं तपासावं.

मच्छेकर:
सगळ्यांचे आभार. एक राहिलं. वडिलांना अलीकडे थोडं विसरायला होतंय. भावाच्या नावाने मुखत्यारपत्र करून ठेवलं तर तेवढ्यावर निभावेल का?

कोर्टगल्ली:
नाही निभावणार. देणारा वारला की मुखत्यारपत्र संपतं, आणि त्याची समज गेली तरी संपतं. म्हणजे ज्या दिवशी खरी गरज पडेल त्याच दिवशी ते निकामी. मग पालक नेमून घ्यायला उच्च न्यायालयात जावं लागतं.

तेव्हा क्रम बदला. भागीदारी करार आणि मृत्युपत्र आधी, जीएसटी वगैरे मागून. मृत्युपत्राच्या दिवशीच डॉक्टरांकडून समज शाबूत असल्याचा दाखला घ्या. तब्येतीमुळे जाता येत नसेल तर अर्ज केल्यावर उपनिबंधक घरी येऊ शकतात. भाऊ त्या वेळी खोलीत नसलेला बरा, उद्या दबावाचा आरोप त्याच्यावरच येतो. फर्मच्या बँक खात्यावर ‘कोणत्याही एकाची सही’ असा अधिकार पहिल्या दिवसापासून द्या.