अनुभव धागा : अँजिओप्लास्टीपर्यंतचा वेळ कुठे गेला?

गेल्या माघात पहाटे ४ वाजता छातीच्या मधोमध कोणी पाटा ठेवावा तसे दडपण येऊन मला जाग आली. घाम इतका सुटला होता की बनियन पिळून निघाला असता. मी आधी पित्ताची गोळी घेतली, मग सोडा प्यायलो, मग अंगणात शतपावली केली, आणि ६ वाजून १० मिनिटांनी पत्नीला उठवले. रुग्णालय घरापासून १२ मिनिटांवर आहे. तिथे पाऊल ठेवल्यापासून ईसीजी, कॅथलॅब (हृदयाच्या धमन्या तपासून उघडण्याची खोली), उजव्या मनगटातून आत सरकवलेली तार आणि हृदयाची बंद धमनी उघडणारा फुगा, म्हणजेच अँजिओप्लास्टी, हे सारे ७० मिनिटांत उरकले. ही वेळ ९० मिनिटांच्या आत असावी असा संकेत असल्याने डॉक्टर समाधानी होते. त्याआधीची माझी २ तास १० मिनिटे मात्र त्या हिशेबात कुठेच नाहीत.

म्हणून हा धागा. स्वतःच्या किंवा घरच्या माणसाच्या हृदयविकाराच्या झटक्याचा अनुभव ज्यांच्यापाशी आहे, त्यांनी तो शक्यतो घड्याळासकट लिहावा. रुग्णालयाचे नाव देऊ नये आणि औषधाचा सल्लाही देऊ नये, ही विनंती.

संगमेश्वर तालुक्यातून

आमच्याकडून कॅथलॅब गाठायची तर आंबा घाट चढून कोल्हापूरला जावे लागते, म्हणजे रात्रीचे तीन तास सहज मोडतात. यजमानांना रात्री ९ वाजता दुखू लागले आणि पाऊण तासात आम्ही जवळच्या रुग्णालयात होतो, कारण त्यांच्या थोरल्या भावाला असेच दुखत असताना घरच्यांनी सकाळची वाट पाहिली होती. तिथल्या तरुण डॉक्टरांनी ईसीजीच्या कागदाचा फोटो कोल्हापूरच्या हृदयरोगतज्ज्ञांना पाठवला. पूर्वी कधी अर्धांगवायू झाला होता का, अलीकडे शस्त्रक्रिया किंवा पोटात रक्तस्राव झाला आहे का, असे त्यांनी मला दोनदोनदा विचारले, आणि मगच गुठळी विरघळवणारे इंजेक्शन दिले. या औषधाने क्वचित मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो, हे त्यांनी स्पष्ट सांगितले होते. सही करताना माझा हात थरथरत होता. तासाभराने दुखणे उतरले, दुसऱ्या ईसीजीत वर उचललेली रेघ खाली आली, आणि १०८च्या गाडीतून आम्ही निघालो. दुसऱ्या दिवशी दुपारी अँजिओग्राफीत (धमन्यांत डाय, म्हणजे क्ष-किरणांत दिसणारे द्रव्य, सोडून केलेली तपासणी) धमनी वाहती पण बरीच अरुंद दिसली, तिथे स्टेंट, म्हणजे धमनी उघडी ठेवणारी जाळीची नळी, बसवला. इंजेक्शन म्हणजे गरिबाचा उपचार, असे नंतर काही नातेवाईक म्हणाले. कॅथलॅब दोन तासांत गाठता येत नसेल तर आधी इंजेक्शन आणि मग २४ तासांच्या आत अँजिओग्राफी, हीच रीत शास्त्राला मान्य आहे, हे त्यांना समजावण्यात माझी बरीच शक्ती गेली.

कॅथलॅब तंत्रज्ञ, नाशिक

मी काचेच्या अलीकडे बसतो. डाय सोडल्यावर निरोगी धमनी पडद्यावर शेवटच्या फाट्यापर्यंत काळी भरत जाते. झटक्यातली धमनी मध्येच छाटल्यासारखी संपते. तार गुठळीतून पार झाली आणि फुगा फुगवून सोडला की पुढचा भाग पुन्हा भरतो, आणि पुष्कळदा रुग्ण त्याच मिनिटाला म्हणतो, "आता हलकं वाटतंय." तो पूर्ण जागा असतो, हे नातेवाइकांना खरे वाटत नाही. डॉ. ग्रुन्ट्सिग यांनी १६ सप्टेंबर १९७७ रोजी झुरिकमध्ये हृदयाच्या धमनीची पहिली अँजिओप्लास्टी केली, तेव्हाही रुग्ण जागाच होता. उजवी धमनी उघडताना ठोके एकदम मंदावतात, म्हणून त्या वेळी ठोके वाढवणारे ॲट्रोपिन भरलेली सिरिंज तयार ठेवलेली असते. हृदयाच्या उजव्या कप्प्याला झटक्याची झळ बसली असेल तर शेजाऱ्याने मायेने दिलेली, रक्तवाहिन्या सैल करणारी जिभेखालची गोळी रक्तदाब पाडते. असे रुग्ण मी टेबलावर येताना पाहिले आहेत.

वेळ जातो तो बाहेरच्या बाकावर. "मोठे भाऊ पुण्याहून निघालेत, ते आल्यावर सही करतो." फेब्रुवारी २०१७ मध्ये औषधी लेप असलेल्या स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपये ठरवली गेली आणि महात्मा फुले योजनेतही हा उपचार बसतो, तरी पैशाची चर्चा संपत नाही; स्टेंट सोडून बाकीचे बिल असतेच, हेही खरे.

मधुमेही आईची मुलगी, सोलापूर

आमच्याकडे अँजिओप्लास्टी झालीच नाही, तरी लिहिते. आईच्या छातीत दुखलेच नाही. दोन उलट्या, गळून गेल्यासारखे वाटणे आणि स्वयंपाकघरातून देवघरापर्यंत जाताना लागलेली धाप, एवढेच. नेहमीच्या दवाखान्यात पित्ताचे इंजेक्शन मिळाले. ईसीजी काढण्याचे ना त्यांना सुचले, ना मला. तो निघाला तीस तासांनी. अँजिओग्राफीत एक धमनी पूर्ण बंद होती. मी म्हणाले, उघडा. डॉक्टरांनी खुर्ची ओढून शांतपणे सांगितले की १२ तासांच्या आत जे वाचवायचे ते स्नायू आता गेले आहेत, दुखणे नाही, रक्तदाब स्थिर आहे, अशा वेळी पूर्ण बंद धमनी उघडून लाभ होत नाही. आई आज गोळ्यांवर आहे, जिना चढत नाही.

लीड्स, इंग्लंड

माझा ईसीजी रुग्णवाहिकेच्या कर्मचाऱ्यांनी घरातल्या सोफ्यावरच काढला, वाटेतले जवळचे रुग्णालय ओलांडून थेट हृदय केंद्रात नेले आणि तेथे पथक तयारच होते. लिहिण्यासारखे एवढेच. मराठीत "आई गं" म्हटल्यावर परिचारिकेने आईला फोन लावू का असे विचारले, ते वेगळे.

ठाण्याहून

स्टेंटनंतर दोन महिन्यांनी दाढ काढायची म्हणून बाबांनी रक्त पातळ करणाऱ्या दोन्ही गोळ्या कोणालाही न विचारता बंद केल्या. पाचव्या दिवशी त्याच स्टेंटमध्ये गुठळी झाली आणि त्याच टेबलावर पुन्हा फुगा फिरवावा लागला. या गोळ्या बहुधा वर्षभर घ्याव्या लागतात, हे डिस्चार्जच्या कागदावर छापलेले होते, आणि तो कागद कपाटात इस्त्रीच्या कपड्यांखाली होता. आता त्याची एक प्रत फ्रिजवर आहे आणि एक बाबांच्या पाकिटात. दाढ अजून तशीच आहे.