'ही प्लेइंग' मधला 'इज' जातोय कुठं?

आमच्या बेळगावकडच्या खानापूर साइडला मराठी शाळेतल्या तिसरी-चौथीच्या पोरांना मी संध्याकाळी इंग्लिश सांगतोय. अ‍ॅक्शन व्हर्बला काही त्रास नाही, जम्प म्हटलं की उड्या, क्लॅप म्हटलं की टाळ्या, वर्ग नुसता डोक्यावर. एकानं फक्त विचारलं, सर स्लीप पण अ‍ॅक्शनच काय, झोपलेला माणूस कुठं काय करालाय, तेव्हा मी जरा गार झालो. पण खरी बोंब हेल्पिंग व्हर्बची. 'तो खेळत आहे' चं इंग्लिश विचारलं की 'ही प्लेइंग'. इज गायब, कितीही वेळा सांगा.

परवा डोक्यात आलं की 'खेळत आहे' असं पोरं बोलतात कुठं? ते पुस्तकात. घरात 'तो खेळालाय', एकच शब्द. शेजारचा कन्नड पोरगा 'आडाकत्तान' म्हणतोय, ते पण एकच, आणि कन्नड पुस्तकातल्या 'आडुत्तिद्दाने' मध्ये पण 'इद्दाने' म्हणजे आपलं 'आहे' पोटात गेलेलं. मदतनीस सगळीकडं आहे पण गिळलेला, मग पोरानं तो वेगळा काढून इज म्हणून ठेवायचा हे त्याला सुचणार कसं? आता मी फळ्यावर आधी 'मी खेळालोय, तो खेळालाय, ती खेळालीय' लिहितो आणि शेपूट तोडायला लावतो, ते शेपूटच अ‍ॅम, इज, आर. बरं चाललंय.

विचारायचं होतं ते हे, 'सहायक' बरोबर की 'सहाय्यक'? आणि पोरांना सांगायला सोपा शब्द कोणता वापरता?

—

सर, सहायक किंवा साहाय्यक. सहाय म्हणजेच मदत करणारा, साहाय्य म्हणजे मदत, 'सहाय्यक' ही दोघांची खिचडी आहे, पण सगळे तेच लिहितात. पोरांना मी 'जोडीदार' म्हणते.

मी सुरुवात 'खाऊन टाक' पासून करते. टाकायचं काहीच नाही तरी टाक. 'करून बघ' मध्ये बघायला काय आहे? कन्नडमध्ये पण तेच, 'माडि नोडु' म्हणजे शब्दाला शब्द करून बघ, आणि 'तिंदु बिडु' म्हणजे खाऊन सोड. पोरं हसतात, पण स्वतःचा अर्थ सोडून दुसऱ्याच्या कामाला लागलेलं क्रियापद त्यांना लगेच दिसतं.

—

अक्का, हसवायला ठीक, पण इंग्लिशमधल्या मदतनिसाचं काम वेगळं हो. आपल्याला प्रश्न करायला शेवटी 'का' लावलं की झालं, कन्नडला 'आ' लावला की झालं. इंग्लिशमध्ये मदतनिसाला उचलून पुढं न्यावं लागतं, 'इज ही प्लेइंग', आणि मदतनीस नसेल तर 'डू' भाड्यानं आणावा लागतो. 'ही प्लेज' चा प्रश्न 'डज ही प्ले', शेवटचं ते ज चं ओझं डू नं उचललं, प्ले मोकळा. पोरं दोघांच्या डोक्यावर ओझं ठेवतात, 'डज ही प्लेज', 'डिड ही वेंट'. हमाल केल्यावर पिशवी आपण कशाला धरायची, एवढं सांगितलं की कळतं त्यांना.

आणि डू दर वेळी हमाल नसतो. 'डू युवर होमवर्क' मध्ये तोच मालक, 'डू यू लाइक कुंदा' मध्ये हमाल.

—

माझ्या मुलीला 'शी इज टॉल' मधला इज हेल्पिंग व्हर्ब म्हणून शिकवलाय. बरोबर काय ते सांगा कुणीतरी.

—

नाही ताई. मदत करायला दुसरं क्रियापद कुठं आहे तिथं? टॉल हे विशेषण. एकटा इज म्हणजे तोच मुख्य. हा एकटा इज तर आमच्या पोरांचा आणखीनच गळतो, कारण कन्नडमध्ये 'इवळु नन्न तंगी' म्हटलं की वाक्य पुरं, क्रियापदच नाही, आणि आपण पण 'ही माझी बहीण' म्हणून थांबतोच की.

एक गंमत सांगायची राहिली. इंग्लिशवाले पण गिळतातच, फक्त ते कर्त्याला चिकटवतात आणि आपण क्रियापदाला. ही इज चं हीज, आय अ‍ॅम चं आयम. कार्टून बघून बघून आमच्यातला एक 'हीज प्लेइंग' झकास बोलतोय, वहीत मात्र 'हिज प्लेइंग' लिहून आणलं, म्हणजे 'त्याचं खेळणं'. अर्धा मार्क दिला, कानानं बरोबर ऐकलं होतं त्यानं.