शाळेच्या भिंतीसाठी अख्ख्या पृथ्वीचे कोणते छायाचित्र घ्यावे?

पंचवटीकर:
नमस्कार. आमच्या पंचवटीतील शाळेत भूगोलाच्या वर्गाबाहेर अख्ख्या पृथ्वीचे तीन फुटी छायाचित्र लावायचे ठरले आहे. ते अंतराळवीराने स्वतः टिपलेले असावे, असा माझा आग्रह आहे. पण महाजालावर पृथ्वीची इतकी रूपे सापडतात की खरे कोणते हे कळेनासे होते. त्यात भारत दिसल्यास उत्तमच. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

गोदाकाठ:
डोळे मिटून अपोलो 17 चे घ्या. 7 डिसेंबर 1972 रोजी, उड्डाणानंतर सुमारे पाच तासांनी, यान चंद्राच्या वाटेवर असताना आणि सूर्य पाठीशी असल्यामुळे पृथ्वीचे जवळजवळ पूर्ण बिंब उजळलेले असताना, हॅसलब्लाड कॅमेऱ्याने ते टिपले गेले. सर्नन, इव्हान्स आणि श्मिट या तिघांपैकी कळ नेमकी कोणी दाबली यावर अजून वाद आहे, म्हणून नासा श्रेय तिघांनाही देते. आफ्रिका, मादागास्कर, अरबस्तान आणि अंटार्क्टिकाचे पांढरे टोक त्यात स्वच्छ दिसते. शोधताना एएस17-148-22727 हा क्रमांकच टाका. नुसते ‘ब्लू मार्बल’ शोधल्यास त्याच नावाची 2002 ची आवृत्ती हाती लागण्याचा संभव आहे; ती दिसायला देखणी असली तरी उपग्रहाने महिनोन्‌महिने घेतलेल्या पट्ट्या संगणकावर जोडून केलेली आहे.

सिडकोवासी:
अंतराळ स्थानकावरून घेतलेले एखादे नवे छायाचित्र का नको?

गोदाकाठ:
स्थानक जेमतेम चारशे किलोमीटर उंचीवर फिरते. तेथून क्षितिजाची कमान दिसते, अख्खा गोल चौकटीत मावत नाही. 1968 च्या अपोलो 8 मधील अँडर्स यांचे चंद्रावरून उगवणाऱ्या पृथ्वीचे छायाचित्र मला अधिक आवडते, पण त्यातही पृथ्वीचा काही भाग अंधारात आहे.

इंदिरानगरकर:
भारताबद्दल थोडे सांगतो. अपोलो 17 च्या छायाचित्रात तो कडेला गेल्याने ओळखू येत नाही. मात्र वर उजवीकडे ढगांचे जे भोवरे दिसतात, ते त्याच आठवड्यात तमिळनाडूला धडकलेल्या चक्रीवादळाचे आहेत, आणि मुलांना एवढे दाखवले तरी पुरे. मध्यभागी भारत हवाच असेल, तर इस्रोच्या इन्सॅट मालिकेतील उपग्रहांची पूर्ण बिंबाची चित्रे ‘मॉस्डॅक’ या संकेतस्थळावर मिळतात, परंतु ती माणसाने टिपलेली नव्हेत. दोन्ही शेजारीशेजारी लावता आली तर फारच छान.

पंचवटीकर:
आभारी आहे. मूळ चौकटीत दक्षिण ध्रुव वरच्या बाजूला होता, असे वाचले. मग लावावे कसे?

गोदाकाठ:
होय, प्रसिद्धीच्या वेळी ते फिरवून उत्तर वर घेण्यात आली. मी तरी मूळ दिशेनेच लावीन. भूगोलाच्या मास्तरांना निदान एक तास पुरेल एवढा विषय मिळेल. फिल्म चौरस होती, तेव्हा छपाईही चौरसच करा, आडवी कापू देऊ नका. फ्लेक्स मात्र टाळा, कारण काळ्या पार्श्वभूमीवर ट्यूबलाइट चमकते. मेन रोडच्या बाजूला मॅट कागदावर छापून सनबोर्डवर चिकटवून देणारे आहेत. नासाची छायाचित्रे शैक्षणिक वापरासाठी सहसा मुक्त असतात, खाली श्रेय तेवढे लिहा.