७एस२६: दिवसभर हातात असूनही सकाळी बंद पडणारे ऑटोमॅटिक घड्याळ

मावळवारा (प्रश्न)

माझ्याकडे ७एस२६ मशीनचे सेको ५ आहे. काही महिन्यांपूर्वी एका स्थानिक दुरुस्ती करणाऱ्याकडून त्याचे पूर्ण सर्व्हिसिंग करून घेतले. तेव्हापासून वेळ उत्तम दाखवते, दिवसाला जेमतेम दहा-बारा सेकंद पुढे जाते; पण रात्री नऊच्या सुमारास काढून ठेवले की सकाळी सहा-सातला ते बंद पडलेले असते. माझे काम बैठे आहे हे मान्य, परंतु रविवारी सिंहगड पायी चढून-उतरून आल्यावरसुद्धा ते दुसऱ्या दिवशी दुपारी तीनच्या पुढे कधी गेलेले नाही. दुरुस्ती करणाऱ्याचे म्हणणे असे की रोटर (हाताच्या हालचालीने फिरून चावी देणारे अर्धगोल वजन) झिजला आहे आणि मशीनच बदलावे लागेल. या मशीनला हाताने चावी देण्याची सोय नसल्याने दोष नेमका कुठे आहे हे घरी कसे ओळखावे?

तोलचक्र

मशीन बदलण्याचा निर्णय इतक्यात घेऊ नका. घड्याळ अकाली थांबते तेव्हा तीन शक्यता असतात: स्प्रिंगला पुरेशी चावी बसत नसेल, बसलेली चावी स्प्रिंग धरून ठेवत नसेल, किंवा पुढच्या चाकांत घर्षण वाढल्याने ती लवकर संपत असेल. या तिन्हींचा इलाज वेगवेगळा आहे आणि रोटरचा संबंध फक्त पहिल्या शक्यतेशी येतो.

क्राउनने (बाजूच्या फिरवायच्या बटणाने) चावी देता येत नसली तरी मागचे झाकण उघडल्यावर देता येते. रोटर बाजूला सरकवला की बॅरलवरच्या, म्हणजे स्प्रिंग ज्या डबीत असते तिच्यावरच्या, रॅचेट चाकाचा मोठा स्क्रू दिसतो. योग्य मापाच्या स्क्रूड्रायव्हरने तो घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने सावकाश फिरवायचा. पूर्ण थांबलेल्या घड्याळाला सुमारे आठ फेऱ्यांत पूर्ण चावी बसते. त्यानंतर घड्याळ हातात न घालता टेबलावर ठेवा आणि किती तास चालते ते पाहा. धडधाकट ७एस२६ चाळीस तासांहून अधिक चालते. तितके चालले, तर बॅरल आणि चाके निर्दोष आहेत आणि दोष रोटरच्या बाजूचा आहे. स्क्रू फिरवताना हात स्थिर ठेवा, कारण बॅलन्स (मागेपुढे हलत वेळ मोजणारे चाक) जवळच उघडा असतो आणि स्क्रूड्रायव्हर निसटून त्याच्या नाजूक हेअरस्प्रिंगला लागला, तर आताच्या दोषापेक्षा मोठे दुखणे उभे राहील.

झाकण उघडेच आहे तोवर रोटर बोटाने हळूहळू दोन्ही दिशांना फिरवून पाहा. सेकोने १९५९ मध्ये आणलेल्या मॅजिक लिव्हरची रचना अशी आहे की रोटर उजवीकडे फिरो वा डावीकडे, लिव्हरच्या दोन बाहूंपैकी एक पुढच्या चाकाला ओढतो किंवा दुसरा ढकलतो, आणि ते चाक एकाच दिशेने सरकत राहते. रॅचेटचा स्क्रू दोन्ही वेळा थोडाथोडा पुढे गेला पाहिजे. एकाच दिशेला जात असेल, तर लिव्हरचा बाहू वाकला आहे किंवा झिजला आहे असे समजा.

शनिवारचा बाजार

इतका खटाटोप कशाला? सेकोचेच एनएच३६ मशीन घाला. त्यात चावीही देता येते आणि क्राउन ओढल्यावर सेकंदकाटाही थांबतो. डायल आणि काटे तेच बसतात.

तोलचक्र

बसतात, पण तुमचा क्राउन चारच्या जागी असेल, तर तारखेची जुनी चकती नव्या मशीनवर चढवावी लागते, नाहीतर आकडे खिडकीत तिरपे दिसतात. शिवाय दोष एखाद्याच भागात असेल, तर अख्खे मशीन टाकून देणे मला तरी पटत नाही.

मावळवारा

सुचवल्याप्रमाणे करून पाहिले. रोटर कोणत्याही दिशेला फिरवला तरी स्क्रू पुढे सरकतो. स्क्रूने चावी देताना मात्र चौथ्या फेरीच्या आसपास आत काहीतरी सटकल्यासारखे जाणवले आणि नंतर कितीही फिरवले तरी ताण वाढला नाही. टेबलावर ठेवलेले घड्याळ अठरा-एकोणीस तासांनी थांबले. एका परिचितांकडे टाइमग्राफर (टिकटिक ऐकून घड्याळाची चाल मोजणारे यंत्र) आहे; त्यावर पूर्ण चावी दिल्यानंतर डायल वर ठेवून अँप्लिट्यूड, म्हणजे बॅलन्सचा झोका, २४० अंशांच्या आसपास दिसला.

जुने कसबी

टाइमग्राफरवर लिफ्ट अँगल (प्रत्येक मशीनसाठी ठरलेला, यंत्राला आधी सांगावा लागणारा कोन) ५३ अंश ठेवला होता ना, हे एकदा पाहून घ्या. तो चुकला, तर अँप्लिट्यूडच्या आकड्याला अर्थ राहत नाही. तो बरोबर होता असे धरले, तर २४० हा या मशीनसाठी चांगला आकडा आहे. स्विस मशीनच्या मानाने तो कमी वाटेल, पण ७एस२६ कडून ३०० ची अपेक्षा कोणी करत नाही. चाकांत घाण किंवा वाळलेले तेल असते, तर पूर्ण चावीवरही अँप्लिट्यूड खाली आला असता. म्हणजे चाके निर्दोष, रोटर आणि लिव्हरही निर्दोष. उरते बॅरल, आणि चौथ्या फेरीला सटकणे ही त्याचीच खूण आहे.

ऑटोमॅटिक घड्याळात स्प्रिंगचे बाहेरचे टोक बॅरलच्या भिंतीला कायमचे अडकवलेले नसते. ते भिंतीवर दाबून धरलेले असते आणि पूर्ण चावी बसली की घसरते, म्हणजे दिवसभर रोटर फिरत राहिला तरी स्प्रिंग तुटत नाही. ही घसरण नेमक्या ताणाला व्हावी म्हणून भिंतीला खास घट्ट पकडीचे ग्रीस लावतात. मोबियस ८२१७ त्यासाठीच आहे. सर्व्हिसिंग करताना त्याऐवजी साधे तेल लावले गेले, तर टोक निम्म्या चावीलाच घसरते आणि स्प्रिंगमध्ये निम्मीच ऊर्जा उरते. मग सिंहगड चढा नाहीतर कळसूबाई, रोटर कितीही फिरला तरी घड्याळ अठरा तासांपलीकडे जाणार नाही. बैठ्या दिवशी तर तेवढेही भरत नाही, म्हणून ते सकाळीच थांबते. शिवाय वार-तारीख बदलण्याचे ओझे रात्री येते, ते वेगळेच.

दुरुस्ती दोन प्रकारे होते. सेको हे बॅरल स्प्रिंगसह जोडलेलेच देते आणि ते उघडू नये अशी अपेक्षा असते, तेव्हा सरळ नवे बॅरल घालणे हा खात्रीचा मार्ग. मात्र बॅरलचे झाकण काळजीपूर्वक काढता येते. जाणकार कारागीर स्प्रिंग बाहेर काढून, भिंत पुसून, योग्य ग्रीसचे चार-पाच ठिपके देऊन ती परत बसवू शकतो. स्प्रिंग हाताने बसवताना ती पिळली जाण्याचा धोका असतो, म्हणून स्प्रिंग गुंडाळून बसवण्याचे अवजार (वाइंडर) नसलेल्या माणसाला हे काम देऊ नका. दोन्ही प्रकारांत पुढच्या चाकांची पुन्हा साफसफाई करण्याचे कारण नाही, आणि हेअरस्प्रिंगला तर कोणालाही तेल लावू देऊ नका.

मावळवारा

बॅरल बदलून घ्यायचे ठरवले आहे. मागचे झाकण पुन्हा लावताना गॅस्केट (पाणी अडवणारी रबरी कडी) बदलावे का?

जुने कसबी

चपटे किंवा कडक झाले असेल, तर बदला. मऊ असेल, तर त्यावर सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात फिरवला की पुरे. झाकण इतक्या वेळा उघडले आहे, तेव्हा पाण्याचा दाब देऊन चाचणी होईपर्यंत घड्याळ पोहायला नेऊ नका. झाकण लावण्याआधी रोटरचा मधला स्क्रूही एकदा घट्ट आहे ना ते पाहायला सांगा.